डब्याची आणि बसची शर्यत

माझा नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे जगातली सगळी यंत्रं आपल्याला कळतात, असा त्याचा ठाम समज आहे. छापखाना मात्र मी चालवते, आणि मला एकच यंत्र कळतं. तेही चाचांनी शिकवलं म्हणून.

चाचा म्हणजे आमचे मशीनमन. सिंदेवाहीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सासऱ्यांनी छापखाना काढला, तेव्हापासून ते आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला स्वयंपाक येत नव्हता आणि शिकायचीही इच्छा नव्हती, म्हणून सासूबाईंनी वैतागून मला छापखान्यात पाठवलं. चाचांनी मला कागद मोजायला शिकवलं, शाई किती सोडायची ते शिकवलं, आणि चुकलं की रागावले नाहीत. घरात एवढा एकच माणूस माझ्यावर रागावत नव्हता, आणि तो घरातला नव्हता. गेल्या वर्षी चाचींचे गुडघे गेले, तेव्हापासून त्या गडचांदूरला लेकीकडे राहतात. चाचा इथे एकटे, दोन्ही वेळ हॉटेलात जेवतात. त्यांचा मशीनवर एवढा जीव आहे, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगायचे.

आमचं मशीन लहान ऑफसेट. त्याला लागते प्लेट, म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. पत्र्यावर मजकूर उमटवलेला असतो. मजकूर शाई धरतो, बाकीचा कोरा पत्रा पाणी धरतो, आणि या दोघांच्या भांडणात छपाई होते. प्लेटा आम्ही चंद्रपूरहून मागवायचो. मी मोबाइलवरून फाइल पाठवायची, मग चाचांनी तिथल्या प्लेटवाल्याला फोन करून साइज सांगायची आणि म्हणायचं, "काढा." चाचांनी "काढा" म्हटल्याशिवाय तो माणूस पत्र्याला हात लावायचा नाही, मग मी दहा फाइली पाठवल्या तरी. मग प्लेट जुन्या पेपरात गुंडाळून बसच्या ड्रायव्हरच्या सीटमागे येऊन पडायची, आणि आमच्यातलं कोणीतरी स्टँडवर जाऊन घेऊन यायचं. कधी दोन तास, कधी चार. एकदा प्लेट ब्रम्हपुरीला जाऊन फिरून आली.

हे सगळं नवऱ्याला मागासलेलं वाटायचं. नवरात्रात तो नागपूरला प्रदर्शन बघायला गेला आणि एका विक्रेत्याकडून डबा घेऊन आला. महिनाभर वापरून बघा, पसंत पडला तर ठेवा, नाहीतर मी परत नेतो, अशा बोलीवर. दिसायला तो जाडजूड प्रिंटरच होता. एका बाजूने कोरा पत्रा घालायचा, आत बारीक नळ्यांतून त्यावर शाईचे फवारे उडतात आणि मजकूर उमटतो. मग पत्रा विजेच्या भट्टीत भाजायचा, वरून गोंद फिरवायचा, की प्लेट तयार.

"पाच मिनिटांत प्लेट!" नवरा म्हणाला. "आन खर्च अर्धा. चंद्रपूरले फोन नाई, बस नाई, काही नाई."

चाचांनी डब्याला सगळीकडून बघितलं. वाकून खालूनही बघितलं. "मास्तर, याले चाकं काऊन नाईत?" एवढंच ते म्हणाले.

दसऱ्याला नवऱ्याने डब्याची साग्रसंगीत पूजा केली. नारळ फोडला, झेंडू वाहिला, आणि तेलात कुंकू कालवून पहिल्यावहिल्या प्लेटवर पाचही बोटं उमटवली. विज्ञानाचा माणूस! कुंकू नंतर पुसलं, तेल पुसलं गेलं नाही. ते काम एका राईस मिलच्या दिवाळी शुभेच्छांचं होतं. छापून निघाल्या तेव्हा प्रत्येक कार्डावर मधोमध माझ्या नवऱ्याचा पंजा. मी कपाळाला हात लावला. पण मिलचा मालक खूश झाला, लय शुभ दिसून राह्यलं म्हणाला, आणि पुढच्या वर्षीही असाच पंजा पाहिजे म्हणून सांगून गेला.

"बाई," चाचा मला म्हणाले, "पत्र्याले एकदा तेल लागलं की तो पत्रा ते भुलत नाई." मी ते लक्षात ठेवलं.

आता डब्याच्या वेगाबद्दल. पाच मिनिटं लागतात हे खरं, पण ती शेवटची पाच मिनिटं. त्याआधी डबा उठतो, खाकरतो, खोकतो, नळ्या साफ करायच्या म्हणून स्वतःशीच शाई थुंकतो, आणि मग त्याच्या छोट्या काचेवर अक्षरं येतात की पुन्हा साफ करा. भट्टी तापायला वेळ. भट्टी तापली की लाइट जाते, कारण आमच्याकडच्या लाइटचं आणि भट्टीचं काहीतरी जुनं वैर असावं. अर्धवट भाजलेली प्लेट कच्च्या पोळीसारखी, कोणाच्याच कामाची नाही. त्यात दिवस धान कापणीचे. समोरच्या मिलचा कोंडा हवेत उडायचा आणि ओल्या शाईवर येऊन बसायचा. एका साखरपुड्याच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या फोटोला त्यामुळे मिशी फुटली. मुलीकडच्यांनी फोन करून विचारलं, मुलगा बदलला का?

खर्चाचं तर विचारूच नका. डबा एक दिवस जरी रिकामा राहिला तरी नळ्यांत शाई वाळते. म्हणजे दुभत्या म्हशीसारखा तो रोज पिळावाच लागतो, काम असो नसो. काम नसलं की नवरा सकाळी शाळेत जायच्या आधी सत्तावीसच्या पाढ्याची प्लेट काढायचा. शेजारच्या काकूंनी अशा अकरा पाढ्यांनी कोंबड्यांचं खुराडं शाकारून घेतलं. डब्याला गारवा लागतो म्हणून आमचा एकुलता एक कूलर त्याच्याकडे तोंड करून ठेवला होता, आणि मी ऑक्टोबरच्या उन्हात घामाने निथळत डब्याच्या मागे उभी राहून उरलीसुरली हवा खायचे. चाचा खर्च चहात मोजायचे. कॅन्टीनच्या कट चहाचा त्यांचा हिशोब पक्का. "आज डब्यानं सकाळी सकाळी नऊ चहा पिले," ते म्हणायचे, "आन काम एका चहाचं केलं." चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

पण खोटं कशाला बोलू? जेव्हा प्लेट नीट निघायची, तेव्हा ती सुंदर निघायची. अक्षर बारीक, रेघ स्वच्छ. मला ते दिसत होतं, आणि दिसतंय हे कोणाला कळू नये म्हणून मी डब्याला आणखी शिव्या द्यायचे.

महिना संपत आला. सोमवारी विक्रेता येणार होता, डबा न्यायला नाहीतर विकायला. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी नाटकाचं काम आलं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई येतात, रात्रभर नाटक होतं, आणि मांडवाबाहेर लग्नं जुळतात. जंगलाकडच्या एका गावातल्या मंडळाचे अध्यक्ष पत्रकं छापायला आले होते. गोंड समाजातले, सत्तरीचे, काटक माणूस. कागद गुलाबी पाहिजे, हिरॉइनचा फोटो मोठा पाहिजे, आणि दुपारच्या जीपने पत्रकं गावाकडे गेली पाहिजेत. नाटकाच्या नावात कुंकू, सून आणि सूड तिन्ही होतं.

"डब्यावर काढू," नवरा म्हणाला. त्याने त्या दिवशी शाळेत अर्धी रजा टाकली होती.

"बसनं मागवू," मी म्हणाले.

चाचा हात पुसत उठले. "भांडता काऊन? दोन्ही करा. मास्तर इथी डब्यावर प्लेट काढतीन, मी चंद्रपूरले फोन करतो. ज्याची प्लेट आधी मशीनवर चढून साफ छापीन, तो जितला."

"आन जितला तर?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना तिकीट न काढता नाटक मिळालं होतं.

"बस जितली तर सोमवारी डबा वापस जाईन. डबा जितला तर..." चाचांनी डब्याकडे बघितलं. "तर मी जातो. घरीच प्लेट निघाली तर मशीन बाईले चालवता येते. माझं काम काय मग?"

नवरा हसला. त्याला वाटलं गंमत आहे. मला मात्र ती गंमत वाटली नाही. चाचांशिवाय छापखाना मला नको होता. मला काम येत नव्हतं असं नाही. पण सकाळी शटर वर केलं आणि आत चाचा नाहीत, हे मला सहन होणार नव्हतं. साधं सरळ आहे ते. घोडामैदान जवळच होतं, आणि मी मनात ठरवलं की घोडा कोणताही असो, जिंकणार बसच.

साडेनऊला शर्यत सुरू झाली. मी फाइल पाठवली. चाचा फोन घेऊन गल्लीत गेले. खिडकीतून मला ते हातवारे करत बोलताना दिसले. इकडे नवऱ्याने साबणाने तीनदा हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला, आणि कोंडा येऊ नये म्हणून डब्याभोवती आमच्या पलंगाची मच्छरदाणी टांगली. मच्छरदाणीच्या आत तो आणि डबा, दोघंच. अध्यक्ष बाहेर स्टुलावर बसून बघत होते.

"मास्तर लग्न लावून राह्यले का डब्यासंगं?" त्यांनी मला विचारलं.

डबा उठला. खोकला. नळ्या साफ करा म्हणाला. नवऱ्याने केल्या. पुन्हा करा म्हणाला. पहिल्या प्लेटवर हिरॉइनच्या चेहऱ्यावरून आडव्या पांढऱ्या रेघा गेल्या, ती तुरुंगात असल्यासारखी दिसत होती. दुसरी प्लेट भट्टीत गेली आणि लाइट गेली. मी मनातल्या मनात वीजवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा आशीर्वाद दिला. तासाभराने लाइट आली, तर डबा पुन्हा पहिल्यापासून खोकायला लागला. साडेअकराच्या सुमारास तिसरी प्लेट निघाली. मी मच्छरदाणीतून डोकावून बघितलं. प्लेट एकदम चोख होती. बस बाराला येणार होती.

नवरा भट्टीचं बटण बघायला मागे गेला. प्लेट ट्रेवर पडलेली. मी एकटी.

सकाळी मी केसांना चांगलं थापून खोबरेल लावलं होतं. मी अंगठा भांगातून फिरवला, मच्छरदाणीत हात घातला, आणि नाटकाच्या नावाखाली जी कोरी जागा होती तिच्यावर तो अंगठा दाबला. चांगला दाबला. शाळेत असताना मी एकदाही कॉपी केली नव्हती. या वयात केली, तीही नवऱ्याच्या पाठीमागे. मग डोक्यावर पदर घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिले.

प्लेट भाजली, गोंद फिरला. चाचांनी ती सिलिंडरला बसवली, पाणी सोडलं, शाई सोडली, आणि गुलाबी कागदाचे चार नमुने काढले. चारहीवर हिरॉइन झकास, आणि तिच्या खाली काळाकुट्ट अंगठा.

अध्यक्षांनी कागद डोळ्याजवळ नेला. "हे काय बाप्पा? ग्रामसभेचा ठराव हाय का हा? कोनाचा अंगठा हाय?"

"माझा नाई!" नवरा ओरडला. "मी तीनदा हात धुतले!" आणि त्याने दहाही बोटं अध्यक्षांच्या नाकासमोर नाचवली. बिचारा. दसऱ्यानंतर तेलाचा आरोप त्याच्यावरच येणार होता.

चाचांनी चष्मा वर केला, अंगठा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मी नवीन होते तेव्हा वर्षभर प्लेटा मधोमध धरायचे, आणि कोणी बघायच्या आत माझी बोटं प्लेटवरून घासून काढणं हेच चाचांचं काम होतं. माझा अंगठा त्यांना माझ्या तोंडापेक्षा जास्त ओळखीचा होता.

त्यांनी मशीन थांबवलं. खिशातून डाग काढायची कांडी काढली, पाण्यात बुडवली, आणि माझा अंगठा हळूहळू घासून काढला. वर गोंद लावला. पाचवा कागद काढला. स्वच्छ. डाग नाही, रेघ नाही, काहीही नाही.

"डबा जितला," चाचा म्हणाले.

"असा कसा जितला?" मी फणकारले. "डाग होता! साफ छापणारा जितणार असं ठरलं होतं! चाचा, तुमी कोणाच्या बाजूनं आहा?"

नवऱ्याला काही ऐकूच येत नव्हतं. तो आनंदाने मच्छरदाणी अंगावर घेऊनच हरलेली प्लेट आणायला स्टँडवर पळाला. वीस मिनिटांनी आला तो रिकाम्या हाताने आणि घामाघूम. ड्रायव्हर म्हणे, आज चंद्रपुरात कोणी काही दिलंच नाही. तरी नवऱ्याने सगळी बस शोधली. सीटांखाली बघितलं. अंगावरची मच्छरदाणी बघून लोकांनी घाबरून पाय वर घेतले, आणि एका बाईने दयेने स्वतःच्या पिशवीतले धपाटे काढून दाखवले की बाबा, यात पत्रा नाही.

"मी फाइल पाठवली होती," मी म्हणाले. "चाचांनी फोनही केला. मी पाहिलं."

"केला," चाचा म्हणाले. "नका काढू म्हणून केला."

चाचा कागदांच्या रिमांमागे गेले आणि रेक्झिनची बॅग घेऊन बाहेर आले. बॅग भरलेली होती. सकाळी येतानाच ते ती घेऊन आले होते.

मी भडकले. मला रडू येणार असलं की मी आधी भडकते. "मग सरळ सांगायचं होतं! एवढा तमाशा कशाला? जायचं होतं तर मले सांगायचं!"

"सांगतलं बाई. ईदच्या टायमाले सांगतलं. तुमी म्हटलं, थांबा चाचा, लगनसराई होऊ द्या. पावसाळ्यात सांगतलं. तुमी म्हटलं, थांबा, मंडईचं काम होऊ द्या." ते बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. "तुमी थांबा म्हणता, आन मी थांबतो. तुमाले ना म्हणणं मले जमत नाई. तिकडं चाची रोज विचारते, कधी येता. म्हणून म्हटलं, या डब्यालेच बोलू द्या."

खरं होतं. मी दोन्ही वेळा म्हटलं होतं. दोन्ही वेळा हातातलं काम न थांबवता, त्यांच्याकडे नीट न बघता म्हटलं होतं, आणि मग लोकांना सांगत बसले होते की चाचांचा मशीनवर किती जीव आहे. मला स्वतःची एवढी लाज वाटली की नवऱ्याने विचारलं, पाणी देऊ का.

"पण मग तो अंगठा..." नवरा म्हणाला.

"मच्छराचा होता," चाचा म्हणाले. "मास्तर, मच्छरदाणी अजून अंगावर आहे तुमच्या."

अध्यक्षांनी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघितलं. "बाई, माहे पत्रकं? जीप निंगून जाईन ना."

एक तरी माणूस शहाणा होता. मी पदर खोचला, गुलाबी कागदाचा गठ्ठा फटकारून मशीनवर लावला, पाणी बघितलं, शाई बघितली. चाचा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांचा हात एकदा पुढे आला आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मागे घेतला. काही चुकलं नव्हतं. मला काम येत होतं. त्यांनीच शिकवलं होतं, मग येणार नाही तर काय?

चंद्रपूरकडे जाणारी बस स्टँडवर लागल्याचा भोंगा ऐकू आला. तिथून पुढे गडचांदूरची बस मिळते. चाचांनी बॅग खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन थांबले. गेले नाहीत. थांबले, आणि माझ्याकडे बघायला लागले.

"जाऊ ना बाई?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द बोलले असते तर त्यांनी बॅग पुन्हा रिमांमागे ठेवली असती, मला माहीत होतं. नवऱ्यालाही माहीत होतं, तो मच्छरदाणीची गाठ सोडवायचं थांबून माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, जा म्हणून. तोंड मात्र उघडलं नाही. तोंडावर माझा भरवसा नव्हता.

मग मी मशीन सुरू केलं, एकदम वरच्या स्पीडवर, चाचांनी मला कधीच लावू दिला नव्हता त्या. छपराचे पत्रे हादरले, डबा हादरला, अध्यक्षांनी कानांवर हात ठेवले. त्या खडखडाटात माझ्या तोंडून "थांबा" निघालंच, तरी ते दारापर्यंत पोचू नये म्हणून. निघालं. दोनदा निघालं.